नॉर्मलताईचा आकडा

लॅबमध्ये तिला खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती नॉर्मलताई. हे नाव काही लाडानं पडलेलं नव्हतं, कामातून पडलेलं होतं. रक्त तपासायची लॅब म्हणजे सगळा खोक्यांचा कारभार. प्रत्येक तपासणीचं किट खोक्यातून येतं, एक खोका संपला की दुसरा, आणि नव्या खोक्याचे आकडे जुन्यासारखेच येतील याची हमी कोणी द्यायची? त्यासाठी कंट्रोलची बाटली येते, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असा नमुना. तो मशीनला लावायचा, आकडा जुळला की पुढचं काम. पण लॅबचे जुने साहेब पक्के संशयी होते. बाटलीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बाटली लावून झाली की ते हिच्याकडे बघायचे आणि ही मुकाट्यानं बाही वर करायची. तेव्हा तेवीस वर्षांची होती. साखर लावा, थायरॉईड लावा, काहीही लावा, हिचा आकडा आपला पट्टीच्या मधोमध. एक दिवस साहेब म्हणाले, "ही पोरगी म्हणजे आपली नॉर्मल." झालं, चिकटलं ते चिकटलं.

पुढं साहेब निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मॅडम आल्या, मशीनं तीनदा बदलली. हिची सवय मात्र गेली नाही. नियमाप्रमाणे बाटली लावायची, आणि वर आपलंही रक्त लावून बघायचं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. आकडे ती एका वहीत टिपून ठेवायची. गेली चार वर्षं मात्र हे सगळं राहूनच गेलं होतं, कारण अंथरुणाला खिळलेल्या आईचं दुखणं वाढलं. नऊ वर्षं आईचं सगळं हिनं एकटीनं केलं. दादा दुसऱ्या गावाला, त्याला त्याचा संसार. आईला कूस बदलून द्यायची, भरवायचं, धावतपळत लॅब गाठायची, पुन्हा धावतपळत घरी. कोणी लग्नाचा विषय काढलाच, तर म्हणायची, आईचं एकदा मार्गी लागू दे, मग माझं बघू. आई गेली त्याला चौदा महिने झाले होते. आता 'माझं' बघायला घर मोकळं होतं. खरं तर इतकं मोकळं होतं की संध्याकाळी कुलूप काढून आत गेल्या गेल्या ती आधी रेडिओ लावायची.

तर अशात वहिनीनं एक माणूस सुचवला. घड्याळं दुरुस्त करणारा, सत्तेचाळीस वर्षांचा, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस सरळ होता. त्यानं वहिनीला आडपडदा न ठेवता सांगितलं, "मला मूल हवंय. वय जुळतंय, स्वभावही जुळेल, पण एवढं एक विचारून घ्या." वहिनीनं फोनवर लाजतलाजत विचारलं. आणि आमच्या नॉर्मलताईनं अगदी ऐटीत उत्तर दिलं, "सांग त्यांना, माझं सगळं नॉर्मल आहे." वीस वर्षं ती तेच तर ऐकत आली होती.

आता थोडं त्या एएमएच नावाच्या हार्मोनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी झालं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईतो दहा-वीस लाख उरतात आणि वयात येईतो तीन-चार लाख. नवं एकही बनत नाही. पुरुषाचं बरं असतं, त्याचा कारखाना म्हातारपणापर्यंत चालू. बाईला सगळा शिधा एकदाच मिळतो, तोही जन्माच्या आधी. मग महिन्यामागून महिने त्यातली एकेक तुकडी जागी होत राहते. प्रत्येक बीजाभोवती पेशींचं अस्तर वाढतं, त्याची इवलीशी पुटिका होते, मेंदूखालच्या ग्रंथीकडून निरोप आला की त्यातली बहुधा एकच पुढं जाते आणि बाकीच्या जागच्या जागी विरून जातात. कोणाला दुखत नाही, खुपत नाही, कळतसुद्धा नाही. या लहान पुटिकांच्या पेशी रक्तात जे सोडतात ते एएमएच. कोठार भरलेलं असेल तर आकडा मोठा, रिकामं होत आलं की आकडा लहान. पाळी अगदी घड्याळासारखी येत असली तरी तो आतल्या आत घटत असतो. एकाहून खाली गेला की लॅबच्या रिपोर्टवर 'कमी' असा शेरा पडतो.

हे सगळं नॉर्मलताईला पाठ होतं. हेच हार्मोन मुलग्याच्या गर्भात भलतंच काम करतं, गर्भाशय ज्या नळ्यांपासून व्हायचं त्या नळ्याच ते पुसून टाकतं, हेही तिला ठाऊक होतं. लॅबमध्ये रक्त काढायला एक बाप्या होता, त्याला सगळे सुईसम्राट म्हणत. त्याला ती सांगायची, "तुझ्या पोटातसुद्धा गर्भाशयाची तयारी झाली होती बरं का, मग बेत बदलला." सुईसम्राट कानावर हात ठेवायचा. म्हणजे बघा, बाईनं विषय कोळून प्यायलेला. आणि तरी.

झालं असं, की जोडून दोन दिवस सुट्टी आली आणि नेमका त्या दोन दिवसांत लॅबचा फ्रीज बंद पडला. सोमवारी सकाळी दार उघडलं तर आत कोमट. नवा खोका जुन्या खोक्याशी ताडून बघायचा म्हणून जपलेले जुने नमुने वाया गेले. कंट्रोलची बाटलीही त्याच फ्रीजमध्ये. नवी बाटली मागवली, ती यायला आठवडा तरी लागणार होता. आणि त्याच दिवशी एएमएचचं नवं किट आलं, तेही कुरिअरवाल्यानं उन्हात फिरवून आणलेलं, खोक्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. अशा वेळी काम थांबवायचं असतं. मॅडम परगावी होत्या, रांगेत बायका बसल्या होत्या. नॉर्मलताईनं काम थांबवलं नाही.

तिनं आधी ती संशयास्पद बाटली लावली. बाटलीचा आकडा तीन यायला हवा होता, दोन पॉइंट नऊ आला. म्हणजे चोख. मग तिनं रबरी पट्टा दातांत धरून डाव्या दंडाला बांधला, उजव्या हातानं आपलं रक्त काढलं, त्यातलं पाणी सुटं व्हावं म्हणून फिरवून घेतलं आणि मशीनला लावलं. अठरा मिनिटांनी आकडा आला, पॉइंट पाच.

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा पॉइंट पाच.

तिनं वही काढली. चौतिसाव्या वर्षी तीन पॉइंट दोन. एकोणचाळिसाव्या वर्षी दोन. मधे नोंद नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी किती यावा? ती मनाशी हिशेब करत बसली. फार तर एकावर यावा. एकावर यायलाच हवा. आणि आला पॉइंट पाच, म्हणजे बरोब्बर निम्मा. निम्मा येतो म्हणजे किटमध्येच घोळ आहे, उन्हात निम्मी ताकद गेली असणार. मग बाटलीचा आकडा चोख कसा आला? तर बाटली नासली आहे, तिचं काय खरं मानायचं, असं तिनं स्वतःला समजावलं. अगं बाई, नासलेली बाटली नेमका बरोबर आकडा कशी सांगेल? शेंबड्या पोरालाही पडेल हा प्रश्न. तिलाही पडला असणार. पण तिनं तो पडू दिला नाही. दुसऱ्या कोणाचं रक्त लावून बघावं, तर लॅबमध्ये उरलेले दोघे पुरुष आणि मॅडम पंचावन्नच्या पुढच्या. पाळी चालू असण्याच्या वयाची बाई म्हणजे ती एकटीच.

तिनं मशीनची सेटिंग उघडली. मशीनला एक गुणक देता येतो, येणारा प्रत्येक आकडा तेवढ्यानं गुणला जातो. तिनं एएमएचपुढं दोन टाकलं आणि आपलं रक्त तिसऱ्यांदा लावलं. एक आला. 'कमी'चा शेरा पुसला गेला. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं चहा मागवला, सुईसम्राटालाही पाजला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, एक बाई आली. छत्तीस वर्षांची, उंच, उन्हानं रापलेली, पूल बांधणारी इंजिनिअर. तिला आपण पूलवालीच म्हणू. सुईसम्राट जेवायला गेला होता म्हणून नॉर्मलताईनं स्वतः तिचं रक्त काढलं. पूलवाली मोकळी होती, सुई टोचत असतानाच सांगू लागली. दोन वर्षांचं मोठं काम मिळालंय, नदीवरचा पूल, फार लांब. नवरा इथंच राहणार. मूल हवंय दोघांनाही, पण हा पूल हातचा गेला तर पुन्हा मिळायचा नाही. "डॉक्टर म्हणाल्या, आधी हा आकडा बघू. बरा असला तर जा खुशाल, येऊन बघा. नसला तर थांबा." मग बोळा दंडावर दाबत तिनं विचारलं, "बरा येईल ना हो?" नॉर्मलताई हसून म्हणाली, "चेहऱ्यावरून तरी नॉर्मल दिसताय." संध्याकाळी रिपोर्ट गेला, एक पॉइंट तीन.

असे नऊ दिवसांत एकोणीस रिपोर्ट गेले.

पुढच्या बुधवारी नवी बाटली आली. नॉर्मलताईनं ती उघडली, लावली आणि डबा खायला बसली. परत येऊन पडद्याकडे बघितलं तर सहा. तीन यायला हवा तिथं सहा. ती उभीच राहिली. मग तिनं सेटिंग उघडली, दोन पुसून एक टाकला, पुन्हा लावलं. तीन. अगदी तीन पॉइंट शून्य.

 किट चांगलं होतं. जुनी बाटलीसुद्धा, कशी कोण जाणे, टिकली होती. मशीन पहिल्यापासून खरं बोलत होतं. सगळ्या लॅबमध्ये खोटी ठरली ती एकच वस्तू, तिचं रक्त. खोटंही कसं म्हणायचं? रक्तानंही खरंच सांगितलं होतं. तिनंच ऐकलं नव्हतं. आईला भरवत होती, कूस बदलत होती, ती नऊ वर्षं आत पोटात तुकड्यांमागून तुकड्या विरत होत्या, आणि ही समजत होती की आपण 'मग बघू' म्हटलं म्हणजे त्याही थांबल्या असतील. तिला स्वतःची लाज वाटली आणि लाजेच्या वर भीती. एकोणीस बायका. त्यातली कोण आज बिनधास्त झाली असेल, कोणी काय पुढं ढकललं असेल.

नमुने सात दिवस ठेवायचे असा नियम. पंधरा नमुने दुरुस्त करून घेतलेल्या फ्रीजमध्ये होते, सोमवार-मंगळवारचे चार त्याच सकाळी टाकून झाले होते. तिनं पंधराच्या पंधरा पुन्हा लावले. सगळे निम्मे. मग ती मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम शांत बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुणक लावलास तो कशावरून?"

इथं तिला सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, तिसरं माणूस नव्हतं. पण मॅडमच्या मागं भिंतीवर तिचाच फोटो होता, वीस वर्षांची सेवा झाली तेव्हाचा, खाली लिहिलं होतं 'आमची नॉर्मलताई'. तिची जीभ रेटेना. "जुन्या नमुन्यांवरून," ती म्हणाली.

"हं. पंधराजणींना दुरुस्त रिपोर्ट पाठव, फोनही कर. चौघींचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल, आपल्या खर्चानं. आणि लोकांना सांग, किट खराब निघालं. उन्हातून आलंच होतं ते." मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "होतात चुका. पण यापुढं मला विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही."

बस, एवढंच. तिला वाटलं होतं धरणी फाटेल. कोणी ओरडलंसुद्धा नाही. दिवसभर ती फोन करत बसली. किट खराब निघालं, किट खराब निघालं. दहाव्या फोनला ते तिलाच खरं वाटायला लागलं. चौघींपैकी तिघी पुन्हा रक्त द्यायला तयार झाल्या. चौथी पूलवाली. तिचा फोन लागेना.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं रेडिओ लावला नाही, दादाला फोन लावला. पलीकडं मुलांचा दंगा चालला होता. "हं, बोल, ऐकतोय," दादा म्हणाला आणि कोणाला तरी ओरडला, "अरे, ते खाली ठेव." मग फोन वहिनीकडं गेला. "अगं, बरं झालं फोन केलास. ते घड्याळवाले रविवारी येताहेत, चारला. तूही दुपारपर्यंत पोहोच. बरे आहेत गं, बोलायला मऊ आहेत."

"वहिनी, मला एक सांगायचं होतं."

"सांग ना. अगं थांब थांब, दूध वर आलं." पलीकडं भांडं आपटलं, कोणीतरी हसलं. वहिनी परत आली. "हं, सांग."

"काही नाही. पोहोचते म्हटलं."

फोन ठेवल्यावर घर आणखी मोठं झालं. आई असती तर आईला सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. आईला काय वाटलं असतं, की माझ्यापायी झालं. ते तर मुळीच ऐकवलं नसतं. म्हणजे सांगायला कोणी नव्हतंच, आज नाही आणि तेव्हाही नाही. हे लक्षात आलं आणि तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी तिनं सुया, नळ्या, बोळे पिशवीत भरले आणि नोंदीतला पत्ता शोधत पूलवालीचं घर गाठलं. तिसरा मजला. दार पूलवालीनंच उघडलं. आत खोकीच खोकी, गुंडाळलेले नकाशे, जमिनीवर उघडी बॅग. शनिवारी सकाळी ती निघणार होती. जुना फोन बंद करून नवा घेतला होता, म्हणून लागला नव्हता.

नॉर्मलताईनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. रिपोर्ट चुकला, किट खराब निघालं, पुन्हा रक्त घ्यायला आलेय, आकडा आजच्या आज कळवते.

पूलवालीनं एक खोकं सरकवून तिला बसायला जागा केली, आपण बॅगेशी मांडी घातली. "किट खराब होतं तर पकडलं कसं नाही? आम्ही पूल वापरायला देण्याआधी त्यावर वजनाच्या गाड्या उभ्या करून बघतो. तुमच्यात असं काही नसतं?"

"असतं."

"मग ते केलं नव्हतं?"

"केलं होतं."

"आणि त्यात काय आलं?"

"बरोबर आलं," नॉर्मलताईच्या तोंडून निघून गेलं.

पूलवाली हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "म्हणजे तपासलंत तेव्हा बरोबर होतं, आणि आता खराब आहे. हे बघा, माझी डॉक्टर हो म्हणालीय, नवरा हो म्हणालाय, बॅग भरून झालीय. एक रिपोर्ट म्हणतो जा. तुम्ही म्हणता तो खोटा, पण का खोटा ते तुम्हाला धड सांगता येत नाही. मी पहिलाच धरून चालते. मला पुन्हा टोचून घ्यायचं नाही." ती उठली, दाराकडं निघालीसुद्धा.

नॉर्मलताई उठली नाही. उठून गेली असती तर तिच्यावर कसला ठपका येणार नव्हता. मॅडमना सांगता आलं असतं, गेले होते, नाही म्हणाली. आणि ही बाई दोन वर्षांनी परत आली असती, आईचं मार्गी लागल्यावर मीही अशीच माझं बघायला परत आले होते, असं तिच्या मनात आलं.

"किट चांगलं होतं," ती म्हणाली. "मी स्वतःचं रक्त लावून बघितलं. नवा खोका आला की मी बघते, वीस वर्षांची सवय आहे. माझा आकडा मला हवा त्याच्या निम्मा आला. मला तो खरा वाटेना. म्हणून मी मशीनला सांगितलं की सगळं दुप्पट दाखव. म्हणजे माझाही दुप्पट दिसेल." तिचा आवाज सपाट होता, एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसा. "तुमचा एक पॉइंट तीन दाखवला. त्याच्या निम्मा असणार. कमी आहे तो, बराच कमी."

पूलवाली दारातच थांबली.  "म्हणजे तुम्हाला तुमचा आकडा सोसेना, म्हणून तुम्ही आमचे सगळ्यांचे वाढवलेत."

"हो."

"आणि मी जवळजवळ निघाले होते."

"हो."

पूलवालीचा चेहरा रागानं लाल झाला होता. ती परत आली, खाली बसली आणि बाही वर करून हात पुढं केला. नॉर्मलताईनं रक्त काढलं. निघताना नॉर्मलताईनं तिचा नवा नंबर लिहून घेतला, तोही तिनं भिंतीकडं बघत सांगितला.

लॅबला परतल्यावर तिनं आधी नवी बाटली लावली. तीन. मग पूलवालीचं रक्त. अठरा मिनिटं ती मशीनपुढून हलली नाही. पॉइंट सहा.

साडेपाच वाजले होते. मॅडम गेल्या होत्या, सुईसम्राट पट्टे आवरून निघाला होता. नॉर्मलताईनं रिपोर्टवर सही केली आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"तुमचा पॉइंट सहा आलाय," ती म्हणाली. "वय छत्तीस, या वयाला कमी आहे. मूल होणारच नाही असा याचा अर्थ नाही. पण दोन वर्षं थांबू नका. उद्याच तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मी रिपोर्ट त्यांना पाठवलाय."

 मग पूलवालीनं दोन-तीन प्रश्न विचारले, नेमके, कामाचे. नॉर्मलताईनं तशीच नेमकी उत्तरं दिली. "शनिवारी मी जात नाही," पूलवाली म्हणाली. "पूल दुसरं कोणीतरी बांधेल." तिचा आवाज फाटला. "तुमच्यावर राग आहे माझा. अजून आहे."

"असू दे. असायलाच हवा."

नॉर्मलताई फोन ठेवणार, तेवढ्यात पूलवालीनं विचारलं, "तुमचा किती आला होता?"

"अं?"

"तुमचा आकडा. खरा."

 "पॉइंट पाच."

"वय?"

"त्रेचाळीस."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय, मशीनवर दिसतो की."

"तसं नाही विचारत. आत्ता तुम्ही मला सांगितलात तसा. फोन करून, समजावून. कोणी सांगितला?"

 रिकाम्या लॅबमध्ये फ्रीज घरघरत होता. "कोणी नाही," ती म्हणाली. "माझ्याकडं असं कोणी नाहीये."

 पूलवालीनं आवाज सावरला. राग त्यातून गेला नव्हता, पण ती सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत बोलू लागली.

"ताई, तुमचा रिपोर्ट आलाय. एएमएच पॉइंट पाच आहे. तुमचं वय त्रेचाळीस. आकडा कमी आहे." ती थांबली. "ऐकताय ना?"

"ऐकतेय," नॉर्मलताई म्हणाली. तिनं एका हातानं टेबलाची कड धरली. "म्हणजे माझी वेळ गेली का हो?"

"ते मला कसं सांगता येईल? मी पूल बांधते." पलीकडं पूलवालीही रडत होती, हे आता स्पष्ट ऐकू येत होतं. "पण मी फोन ठेवत नाहीये. तुम्हीही ठेवू नका इतक्यात."